जहाज धक्क्याला लागलं, तरी जनरेटर बंद का होत नाही? शोअर पॉवरचा हिशेब

खारदांड्याला मासेमारीची बोट किनाऱ्याला लागली की सगळ्यात आधी इंजिन बंद होतं. मासळी बर्फात असते, डिझेलचा पैसा खिशातून जातो, मग इंजिन उगाच कोण चालू ठेवेल? आता मुंबईच्या पलीकडच्या अंगाला, न्हावा शेव्याच्या जेएनपीए बंदरात जा. तिथे कंटेनर जहाज धक्क्याला लागतं, त्याचंही मुख्य इंजिन बंद होतं, पण धुराड्यातून धूर येतच राहतो. कारण जहाजावरचे दोन-तीन जनरेटर रात्रंदिवस चालू असतात. दिवे, पंप, हवा खेळती ठेवणारे पंखे, खलाशांचं स्वयंपाकघर, आणि मुख्य म्हणजे थंड कंटेनर, या सगळ्याला वीज लागते. मध्यम ते मोठ्या कंटेनर जहाजाला धक्क्यावर उभं असताना साधारण १ ते ४ मेगावॉट लागतात. क्रूझ जहाज म्हणजे तरंगतं हॉटेलच, त्याची भूक याच्या दुप्पट-तिप्पट.

ही वीज जहाजाने स्वतः तयार करण्याऐवजी धक्क्यावरून केबलने द्यायची, याला शोअर पॉवर म्हणतात. जुन्या पेपरांत ‘कोल्ड आयर्निंग’ असा शब्द सापडेल. कोळशाच्या जहाजांच्या काळात बंदरात आलं की भट्टी विझवायचे आणि इंजिनाचं लोखंड थंड व्हायचं, तिथून तो आला. कल्पना म्हणून यात नवीन काही नाही. नौदलाची जहाजं गोदीत आली की किनाऱ्यावरचीच वीज घेतात. व्यापारी जहाजांना उच्च दाबाची वीज देण्याचं पहिलं मोठं उदाहरण म्हणजे २००० साली स्वीडनमधलं गोथेनबर्ग. २००४ मध्ये लॉस एंजेलिसला कंटेनर जहाजांसाठी ते सुरू झालं. म्हणजे तंत्रज्ञान पाव शतक जुनं आहे. भारतात टग आणि बंदराच्या छोट्या बोटींना धक्क्यावरून वीज मिळते. मोठ्या व्यापारी जहाजांचं मात्र अजून ‘होणार, होणार’ या टप्प्यावर जास्त आहे. मेरिटाइम इंडिया व्हिजन २०३० मध्ये ते आहे, मे २०२३ च्या ‘हरित सागर’ मार्गदर्शक सूचनांमध्येही आहे.

मग अडलंय कुठे? हा प्रश्न पीएचडीच्या प्रस्तावासाठी मोहात पाडणारा आहे, म्हणूनच आज त्यावर लिहितेय. बरेच जण शीर्षक देतात, ‘भारतीय बंदरांत शोअर पॉवरची आर्थिक व्यवहार्यता’. मुलाखतीला समोरचे पहिला प्रश्न विचारतात, कोणासाठी व्यवहार्य? आणि तिथेच गाडी थांबते. तेव्हा आपण कागद-पेन घेऊन हिशेबच करू. पुढचे काही आकडे मी ‘समजा’ म्हणून घेतलेत, ते कुठल्याही एका बंदराचे नाहीत. तुम्ही ते बदलून बघा, खरा अभ्यास तिथेच सुरू होतो.

आधी जहाजाची बाजू. जहाजावरचा जनरेटर एक युनिट, म्हणजे एक किलोवॉट-तास, वीज करायला साधारण २२० ग्रॅम इंधन खातो. समजा इंधन ६०० डॉलर टन आणि डॉलर ८५ रुपये. मग एका युनिटचं इंधन झालं ११ रुपये २० पैसे. वंगण, देखभाल याचा रुपयाभर धरा. जहाजाला स्वतःची वीज पडते १२ रुपयांच्या आसपास.

आता धक्क्याची बाजू. उद्योगाला मिळणारी वीज समजा वहन आकार, वीज शुल्क वगैरे धरून साडेआठ रुपये युनिट. मधल्या यंत्रणेत पाचेक टक्के वाया जाते, म्हणजे ९ रुपये धरू. बारा विरुद्ध नऊ. बहुतेक वर्तमानपत्री लेख इथे संपतात: बघा, युनिटमागे तीन रुपये वाचतात आणि धूरही जातो!

पण वीजबिल नीट वाचणाऱ्याला माहीत असतं की बिलात दोन भाग असतात. एक, वापरलेल्या युनिटचा. दुसरा मागणी आकाराचा, म्हणजे ‘मला कधीही इतका लोड लागू शकतो, तेवढी तयारी ठेवा’ याचं भाडं. बर्फाच्या कारखान्याचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, बर्फाला गिऱ्हाईक नसतं. तरी उच्च दाबाची जोडणी असेल तर मागणी आकार येतच राहतो. शोअर पॉवरचा धक्का म्हणजे वर्षातला बराच काळ पावसाळाच असलेला बर्फाचा कारखाना!

आकडे टाकू. समजा एका धक्क्यासाठी ६ हजार केव्हीएची जोडणी घेतली आणि मागणी आकार महिन्याला केव्हीएमागे ५५० रुपये आहे. वर्षाचे झाले ३ कोटी ९६ लाख. उपकेंद्र, केबल, कन्व्हर्टर मिळून भांडवली खर्च समजा ४० कोटी. वीस वर्षांचं आयुष्य आणि १० टक्के व्याज धरलं तर त्याचा वर्षाचा हप्ता ४ कोटी ७० लाख. देखभाल ३ टक्क्यांनी १ कोटी २० लाख. एकूण ९ कोटी ८६ लाख रुपये. एकही जहाज जोडलं नाही तरी हे लागणारच.

आता हे किती युनिटवर वाटायचे? जहाजाचा सरासरी लोड २ मेगावॉट आणि वर्षातले ६ हजार तास धक्क्यावर जोडलेलं जहाज आहे, असं धरू. ही फारच सुखद कल्पना आहे. वर्ष ८,७६० तासांचंच असतं आणि जोडायला-काढायला दर खेपेला तास-दोन तास जातात. तरी धरू. १ कोटी २० लाख युनिट झाले. स्थिर खर्च युनिटमागे ८ रुपये २० पैसे, त्यात विजेचे ९, एकूण १७ च्या पुढे. जहाजाला स्वतःची वीज १२ ला पडत होती.

आणि येणाऱ्या चार जहाजांपैकी एकालाच शोअर पॉवर घेता येत असेल तर? १,५०० तास, ३० लाख युनिट. स्थिर खर्चच युनिटमागे जवळपास ३३ रुपये. एकूण ४२.

आता उलट बाजूने ढकला. मोठी जहाजं, सरासरी लोड ४ मेगावॉट, तास तेच ६ हजार. युनिट दुप्पट, स्थिर खर्च ४ रुपये १० पैसे, एकूण १३. आणि भांडवलातला अर्धा वाटा सरकारने अनुदान म्हणून दिला तर १२ च्या जवळ, म्हणजे बरोबरी. इंधन ६०० ऐवजी ९०० डॉलर टन झालं तर जहाजाची वीज १८ रुपयांवर जाते आणि २ मेगावॉटचा धक्कासुद्धा तग धरतो, अर्थात तेच ६ हजार तास मिळाले तर.

बघा काय झालं. आपण विजेच्या दरापासून सुरुवात केली होती, पण निकाल ठरवतोय तो दुसराच आकडा: वर्षाला किती युनिट विकले जातात. विजेचा दर रुपयाने कमी-जास्त झाला तर उत्तर रुपयानेच हलतं. जोडली जाणारी जहाजं चारातून एक झाली तर पंचवीस रुपयांनी हलतं. कुठल्याही विषयात प्रस्ताव लिहिण्याआधी असा एक ओबडधोबड हिशेब करून कोणता आकडा उत्तराला सगळ्यात जास्त हलवतो ते शोधा. तीन वर्षं कशावर घालवायची ते त्यावरून कळतं.

४० कोटी कशाला लागतात, अशी शंका आली असेल. केबल टाकायला इतके? त्यातला मोठा वाटा खातो फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर. आपल्या ग्रिडची वीज ५० हर्ट्झची. समुद्रात फिरणाऱ्या मोठ्या जहाजांपैकी बरीचशी ६० हर्ट्झवर चालतात. थेट जोडली तर मोटरी हळू फिरतील, पंप कमी पाणी ढकलतील, यंत्रं तापतील. म्हणून मध्ये ५० चे ६० करणारं मोठं यंत्र बसवावं लागतं. अमेरिकेचं ग्रिडच ६० हर्ट्झचं, त्यामुळे लॉस एंजेलिसला हा खर्च नाही. तिथला भांडवली आकडा उचलून भारतासाठी वापरलेला पेपर दिसला तर तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा. दाब ६.६ किंवा ११ किलोव्होल्ट आणि जोडणीची पद्धत यांचं आंतरराष्ट्रीय मानक आता आहे, तो गोंधळ बराच मिटलाय.

आता जोडली जाणारी जहाजं चारातून एक की चारातून तीन, हे कोण ठरवतं? जहाजावरही स्विचबोर्ड, केबलचं रीळ, ट्रान्सफॉर्मर बसवावा लागतो, आणि तो खर्च जहाजमालकाचा. पण बरीच जहाजं भाड्याने चालतात. मुदतीच्या भाडेकरारात इंधनाचं बिल भाड्याने घेणारी कंपनी भरते. म्हणजे यंत्रणा बसवायची मालकाने आणि इंधन वाचणार भाडेकरूचं. दांड्यातल्या भाड्याच्या खोलीसारखंच आहे हे. घरमालक पाच स्टारचा महाग एसी का बसवेल? बिल तर तुम्ही भरता. अर्थशास्त्रात याला विभागलेलं प्रोत्साहन म्हणतात, आणि ऊर्जाबचतीच्या अर्ध्याअधिक चांगल्या योजना याच खड्ड्यात पडलेल्या असतात.

त्यात अंडं आधी की कोंबडी. बंदर म्हणतं, जहाजांवर सोय नाही, आम्ही का बांधू. जहाज म्हणतं, बंदरात सोय नाही, आम्ही का बसवू. कॅलिफोर्नियाने हा तिढा कायद्याने सोडवला. ताफ्यातल्या ठरावीक टक्के फेऱ्यांना धक्क्यावर जनरेटर बंद ठेवण्याची सक्ती २०१४ पासून लागू झाली आणि टक्के वाढवत नेले. युरोपात १ जानेवारी २०३० पासून प्रमुख बंदरांत कंटेनर आणि प्रवासी जहाजांना शोअर पॉवर घेणं बंधनकारक होतंय. शिवाय २०२४ पासून युरोपच्या कार्बन बाजारात जहाज वाहतूकही आली, त्यात धक्क्यावरचं उत्सर्जनही मोजलं जातं. मला यातला गमतीचा भाग असा वाटतो, की न्हावा शेव्याहून युरोपला जाणाऱ्या जहाजांवर ही सोय बसेल ती ब्रुसेल्सच्या नियमामुळे. आपल्या हिशेबातला सगळ्यात निर्णायक आकडा आपल्या हातात नाहीच, तो आयात होतोय. मग भारतीय बंदराने प्रत्येक धक्क्यावर एकदम पैसे घालण्यापेक्षा युरोपच्या फेऱ्या जिथे जास्त लागतात तो धक्का आधी निवडणं शहाणपणाचं.

कराचाही मुद्दा आहे. परदेशी जाणारं जहाज फुजैरा किंवा सिंगापूरला टाकी भरून येतं, त्या इंधनावर महाराष्ट्राचा कर लागत नाही. धक्क्यावरच्या विजेवर मात्र राज्याचं वीज शुल्क लागतं. म्हणजे धुराला सूट आणि विजेला कर. मच्छीमारांना सोसायटीमार्फत डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा मिळतो. तो धरून आणि न धरून बोटीचा हिशेब किती बदलतो हे कोळीवाड्यात वाढलेल्याला सांगायला नको. स्वीडनने २०११ पासून शोअर पॉवरवरचा कर जवळजवळ काढून टाकला, जर्मनीनेही तेच केलं. आपल्याकडे वीज आयोगाने शोअर पॉवरसाठी वेगळा दर ठरवला, विशेषतः मागणी आकार रोजच्या वापरावर लावला, तर काय होईल? वरच्याच हिशेबात ३ कोटी ९६ लाखांची ओळ खोडून बघा. अनुदानातून वर्षाला २ कोटी ३५ लाख वाचत होते, इथे त्याहून जास्त वाचतात. पण ती ओळ खोडली म्हणजे खर्च नाहीसा झाला असं नाही. वीज कंपनीने तारा आणि ट्रान्सफॉर्मर तयार ठेवलेलेच असतात. ते पैसे मग इतर ग्राहकांच्या बिलातून येतील. कोणाच्या, हे लिहिल्याशिवाय शिफारस करू नका.

आणि धुराचं काय?

तुम्ही म्हणाल, पैशाचं सोडा, पर्यावरणाचा तर फायदा आहे ना! इथे सगळ्यात जास्त सांभाळा.

कार्बनपासून सुरू करू. एक टन सागरी इंधन जळलं की साधारण ३.२ टन कार्बन डायऑक्साइड. युनिटला २२० ग्रॅम इंधन, म्हणजे ०.७ किलो. आता केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा भारतीय ग्रिडचा सरासरी आकडा बघा: तोही युनिटला ०.७ किलोच्या थोडा वरच. त्यात वहनातली आणि कन्व्हर्टरमधली गळती धरली तर आजच्या ग्रिडवरून जहाजाला वीज देऊन कार्बन वाचत नाही, किंचित वाढतोच. स्वीडन-नॉर्वेत ग्रिड जलविद्युत आणि अणुविजेवर चालतं, तिथे हाच प्रयोग कार्बन जवळपास पूर्ण वाचवतो. तिथला ‘इतके टक्के घट’ हा निष्कर्ष भारताच्या प्रस्तावात चिकटवणं म्हणजे चूकच. हरित वीज वेगळा दर देऊन घेता येते, बंदर स्वतः सौर पॅनेल लावू शकतं. पण जहाज रात्रीही उभं असतं आणि सूर्य नसतो, तेव्हा तासागणिक हिशेब मांडावा लागेल.

मग फायदा कशाचा? श्वासाचा. मध्यम गतीचा जनरेटर युनिटला साधारण १० ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडतो. आपल्या १ कोटी २० लाख युनिटच्या एका धक्क्यावर वर्षाला १२० टन. ही गोष्ट खरी आणि मोठी आहे. गंधकाचं मात्र गणित बदललंय. १ जानेवारी २०२० पासून जगभर जहाजाच्या इंधनात ०.५ टक्क्याहून जास्त गंधक चालत नाही, आधी ३.५ टक्के चालायचं. कमाल मर्यादेचं इंधन धरलं तर युनिटला सल्फर डायऑक्साइड १५ ग्रॅमवरून सव्वादोन ग्रॅमवर आलं. २०२० आधीच्या पेपरांतला गंधकाचा फायदा आज तितका शिल्लक नाही. साहित्याचा आढावा घेताना पेपर कोणत्या वर्षाचा आहे यापेक्षा त्यातलं इंधन कोणत्या वर्षाचं आहे ते बघा.

आणि वीज कुठून येते? मुंबईच्या धक्क्यावरचा धूर थांबतो तेव्हा तेवढी वीज कुठेतरी जास्त तयार होते, आणि महाराष्ट्रात ते ‘कुठेतरी’ चंद्रपूर असू शकतं. गंधक काढणारी यंत्रणा नसलेल्या कोळशाच्या केंद्रातून एका युनिटला निघणारा सल्फर डायऑक्साइड आजच्या जहाजापेक्षा कमी असेलच असं नाही. मग आपण धूर थांबवला की हलवला? समर्थक म्हणतील, तिथे चिमणी उंच आणि आजूबाजूला वस्ती विरळ, इथे धक्क्याला लागून शिवडी, माझगाव, वडाळा. युक्तिवाद चुकीचा नाही. कमी लोकांच्या छातीत गेला तर एकूण आजार कमी, हे आकडेवारीत खरं. पण चंद्रपूरकरांना हे वाक्य तोंडावर म्हणता येईल का, तेही बघा. माझ्या मते प्रबंधात हे दोन वेगळे रकाने हवेत, एका बेरजेत दडपलेले नकोत.

मुंबईतही वेळेचा फरक आहे. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ते आठवा. दुपारी वारा समुद्राकडून येतो. रात्री आणि पहाटे, विशेषतः हिवाळ्यात, जमिनीकडून समुद्राकडे. आपलं मुंबई बंदर शहराच्या पूर्व काठाला. म्हणजे हिवाळ्यातल्या पहाटे बंदरातला धूर शहरावरूनच पश्चिमेकडे सरकतो, आणि थंड हवेत तो वर उठतही नाही. पहाटे चारचा एक युनिट आणि दुपारी तीनचा एक युनिट फुप्फुसात सारखे नाहीत. शोअर पॉवरचे तास मर्यादितच असतील तर ते कोणत्या वेळेला वापरायचे, यावर मुंबईपुरतं काम करायला भरपूर जागा आहे. विज्ञान शाखेतून आलेल्यांसाठी तर सोयीचीच.

सगळीच जहाजं या कामाची नाहीत, हेही पटकन सांगते. तेलाच्या टँकरला पंपांसाठी वाफ लागते, बॉयलर चालूच राहतो, वीज दिली तरी धूर संपत नाही. बॅलार्ड पिअरच्या क्रूझ जहाजांचा लोड प्रचंड, पण फेऱ्या मोजक्या आणि त्याही पावसाळा सोडून. मागणी आकाराच्या दृष्टीने याहून वाईट गिऱ्हाईक नाही. त्यांच्या धक्क्यावर फलक छान दिसेल, फोटोही येतील, युनिट विकले जातील का हा प्रश्न वेगळा.

नवीन बंदराचं गणित थोडं सोपं असतं. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ७६,२२० कोटींचा प्रकल्प. धक्का बांधतानाच केबलच्या नळ्या आणि उपकेंद्राची जागा ठेवली तर नंतर काँक्रीट फोडण्याचा खर्च वाचतो. कन्व्हर्टर जहाजं वाढतील तसे बसवता येतात. पण तिथल्या मच्छीमारांचा विरोध मासेमारीच्या जागा जाण्यावरून आहे, जहाजाच्या जनरेटरवरून नाही. शोअर पॉवरमुळे बंदर ‘हरित’ ठरतं म्हणून हा प्रश्न सुटला असं कोणी लिहिलं, तर ते दोन वेगळ्या वह्या एकत्र शिवण्यासारखं आहे.

कुठून सुरुवात करायची असं विचाराल तर, कोणतं जहाज कोणत्या धक्क्याला आलं आणि कधी गेलं यावरून धक्कानिहाय तास काढा. जहाजाच्या प्रकारावरून लोडचा अंदाज बांधा, आणि ते कोणत्या मार्गावर फिरतं ते शोधा. लोड वर्षभर सारखा धरू नका. जानेवारी ते एप्रिल नाशिकची द्राक्षं न्हावा शेव्याहून युरोपला जातात, तेव्हा जहाजावर थंड कंटेनर जास्त आणि विजेची भूकही जास्त. आणि एक बघा. हेच द्राक्षांचे कंटेनर जहाजावर चढण्याआधी बंदराच्या यार्डात उभे असतात, तेव्हा ते किनाऱ्यावरच्याच विजेवर चालतात, प्लगचे तासांप्रमाणे पैसे लागतात आणि ते कोणी द्यायचे याबद्दल कोणाचा वाद नसतो. तोच कंटेनर क्रेनने शंभर फूट पलीकडे जहाजावर गेला की डिझेलवर येतो. यार्डातल्या प्लगचा करार आणि दर कसा ठरतो, आणि तो त्या शंभर फुटांपलीकडे का पोहोचत नाही, एवढंच घेऊन कोणी बसलं तरी मला तो प्रबंध वाचायला आवडेल.